दातात दोरा होता तवा

"हिच्या हातात माइक नाई, झाडू द्या."

ताईनं मोठ्यानं वाचलं अन् खुर्चीत मान मागं टाकून खिदळली. मी तिची आयब्रो करून राह्यली होती. दोऱ्याचं एक टोक दातात दाबून धरा लागते. तोंड उघडलं का दोरा सुटते. मनून पार्लरात गिऱ्हाइकानं काईबी बोलावं, आपन गप.

मी शिरपूरची, कामाले जवळच्या मालेगावच्या पार्लरात. ताई किन्हीराजा गावच्या मोठ्या शेतीवाल्यायची लेक. त्या दिवशी तिच्या भावाचा साखरपुडा होता. मोबाइलवर आमच्या गानारीचा व्हिडिओ लावून खालच्या कमेंटा वाचत होती. गानारी म्हंजे भीमगीतं म्हननारी, आमच्याच भागातली पोरगी. जयंतीले आमच्या वस्तीतल्या साऱ्या पोरी तिच्याच गान्यावर नाचतात. मी तिची पक्की फॅन.

"थोबाड पाहूनच दूध नासलं." "आरक्षणातली गायिका." ताई वाचे अन् हासे. मी दोरा ओढत राह्यली. मंग ती थांबली.

"अवं, हे तूच ना? फोटो तुहाच हाय!"

मीच होती. आदल्या दिवशी गानारीले लिहिलं होतं, ताई, तुहा आवाज आयकला का आंगात बळ येते, जय भीम. त्याच्याखाली कोन्या गुलाबाच्या फोटोवाल्यानं माह्या जातीचं नाव घेतलं होतं. माह्या मायबद्दल असं लिहिलं होतं का मी अजून कोनाले सांगतलं नाई. ताईनं तेबी सारं वाचलं. बाजूच्या दोघी हासल्या.

"मनावर नको घेऊ वं. आमच्या भावानंच टाकली हाय. पोट्टे मजाक करतात."

मायबाई! गुलाबामागं लपलेल्या भावाचं नाव सोताच सांगून राह्यली, अन् लाज म्हनून नाई. आपल्याले कोन काय करते, हा भरोसा!

मी दोरा थुकला. फरशीवर. डावी भुवई झाली होती, उजवी तशीच.

"तुमच्या मायबद्दल कोनी असं लिहिलं, तं हासत वाचान का, ताई?"

"तोंड सांभाळ! तुले बहिनीसारखं वागवलं."

बहीन! हिच्या घरी मेंदी काढाले गेली होती, तवा साऱ्यायले कपात चहा अन् मले कागदी ग्लासात.

पार्लरवाली मॅडम धावत आली. तशी वाईट बाई नाई. मले कोपऱ्यात नेऊन म्हने, "तुही कमेंट काढून टाक. माफी माग अन् उजवी भुवई पुरी कर. नाई तं उद्यापासून येऊ नको."

भेव वाटलं, खोटं कायले बोलू? घरी माह्याच पगारावर किराना येते. आजवर मायचंच आयकलं होतं, हत्ती चालते, कुत्रे भुकतात. पन हे कुत्रे नुसते भुकत नाईत, चावतात. अन् आमी हत्तीबी नाई.

"कमेंट राहीन," म्हनलं, अन् पर्स उचलली.

बसस्टँडवर बसून गुलाबवाल्याच्या कमेंटीचे फोटो काढून ठेवले. बरं केलं. सांजच्याले खातंच गायब. मंग ताईकडल्यायचे फोन सुरू झाले. आधी समजावनारे, मंग धमकावनारे.

उद्या पोलीस ठान्यात जाऊन राह्यली, ॲट्रॉसिटीची तक्रार द्याले. तिथं अर्धा दिवस बसवतीन, मजाकच तं होती म्हनतीन, हे मले मालूम हाय. माय दारात आडवी उभी हाय.

"गावात राहाचं हाय वं आपल्याले," म्हने.

"हो ना, माय. गावातच राहाचं हाय. मनूनच चालली."