पथक सेलूकडच्या काठावर

आमच्या गावाच्या आपत्ती पथकात बारा माणसं होती आणि बाराही भाजीवाले. हा योगायोग नव्हता, माझीच अक्कल होती. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी ग्रामसभेत सांगितलं होतं की पथकात धट्टीकट्टी माणसं घ्या, ज्यांच्याकडे गाडी आहे, ज्यांचा फोन कधी बंद नसतो, आणि जे चौघांत मिळून काम करतात. मी यादी करायला बसलो, तर अशी माणसं गावात एकाच धंद्यात सापडली. भाजीवाल्याचा फोन बंद राहिला तर त्याची वांगी शेताच्या धुऱ्यावरच, बांधावर, पडून राहतात.

प्रमुख मी का झालो, याचं उत्तर सोपं आहे. साहेबांनी विचारलं, "जबाबदारी कोण घेणार?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. गावात एकदा हो म्हणणारा माणूस सापडला की दुसरा कोणी शोधत नाहीत. स्मशानाच्या शेडसाठी मीच धावलो होतो, पाण्याच्या टाकीसाठी मीच, आणि शाळेच्या भिंतीच्या वेळीही मीच. बायको म्हणाली, "घरच्या गवारीले पानी द्याले तुमाले वेळ नाई, अन् गावाचं पानी अडवाले निंगाले." मी हसण्यावारी नेलं. तेव्हा हसायला बळ होतं.

त्यानंतरचे महिने मी माणसांच्या मागे फिरण्यात घालवले. एक जण म्हणायचा, माझ्या भावकीतला घ्या. दुसरा म्हणायचा, तो असेल तर मी नाही. बैठकीची वेळ सातची ठेवली की नऊला चार माणसं यायची, आणि त्यातली दोन चहा घेऊन उठायची. शेवटी बारा जण टिकले. पंचायतीच्या एका खोलीत दोर, शिट्ट्या, बॅटऱ्या आणि भगव्या रंगाची जॅकेटं ठेवली. खोलीची किल्ली माझ्याकडे.

आमच्या गावात यायला एकच वाट आहे, नाल्यावरच्या रपट्यावरून. रपटा म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. नाल्याला जोर आला की पाणी त्याच्यावरून जातं आणि गाव दोन-चार तास अडकून पडतं. त्याचं कोणाला फार वाटत नाही. चिंता होती ती नाल्याकाठच्या खोलगट भागातल्या एका घराची. तिथे एक म्हातारा-म्हातारी राहायचे. नात्याने लांबचे, पण मी त्यांना काका-काकूच म्हणायचो. काकांच्या अंगावरून वारं गेलं होतं, डावी बाजू निकामी झाली होती. म्हणून पावसाळा लागला की त्यांची लेक तळेगावहून येऊन दोघांना घेऊन जायची, ते दिवाळीपर्यंत. काकूच्या जिवावर यायचं. जावयाच्या घरी चार महिने पाय पसरून बसणं तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं.

आम्ही सराव केला तो तान्ह्या पोळ्याच्या सकाळी. पोळ्याचा दुसरा दिवस, शेताची कामं बंद, बाजार बंद, सगळे घरी. तेवढाच एक दिवस मला बाराही जण एका जागी मिळाले, म्हणून तोच ठरवला. सणापुरते काका-काकूही तळेगावहून घरी आले होते. आम्ही जॅकेटं घातली, शिट्ट्या वाजवल्या, काकांना बाजेसकट उचललं आणि पळत शाळेत नेऊन ठेवलं. काकांची जीभ जड झाली होती, पण वाटेत ते मोठ्याने म्हणाले, "जित्तेपनी वरात काढली रे माही!" सगळं गाव हसलं. साहेबांनी फोटो काढले. मला त्या दिवशी छाती फुगल्यासारखं झालं होतं, ते लपवत नाही.

पुढच्या वर्षी मृग लागताच लेक न्यायला आली, तेव्हा काकूने मला बोलावलं.

"बाबू, औंदा नाई गेलं तं चालीन का? तू येशीन ना नक्की?"

"तुमी फक्त घरात थांबा काकू. आमी बारा जन हाओ. पानी चढाच्या आत उचलून नेऊ."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला बहुधा अजून काही विचारायचं होतं. पण आईचा चेहरा इतका उजळला होता की ती संध्याकाळच्या गाडीने एकटीच परत गेली.

श्रावणात तीन दिवस झड लागली होती. तिसरा दिवस सेलूच्या बाजाराचा. भाजीवाल्याला बाजार चुकवता येत नाही. आदल्या संध्याकाळी तोडलेले दोडके आणि कोथिंबीर थांबा म्हटल्याने थांबत नाहीत. पहाटे आम्ही तीन गाड्या भरून निघालो. रपट्याखाली पाणी वेगाने चाललं होतं, पण वर आलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, उतरेल दुपारपर्यंत. मीही मान हलवली. बारा जणांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपलं अख्खं पथक गाव सोडून चाललंय. मी वर्षभर नकाशे काढले होते, याद्या लिहिल्या होत्या, कोण दोर धरेल आणि कोण बाज उचलेल ते ठरवलं होतं. आठवड्यातून एक दिवस हीच बारा माणसं गावात नसतात, हे मात्र सुचलं नाही. सराव सणाच्या दिवशी केला की गाव नेहमी भरलेलं दिसतं.

सकाळी आठ वाजता बायकोचा फोन आला. "नाला वर येऊन राह्यला. तुमी निंगा." आम्ही पालं गुंडाळली, उरलेला माल तसाच टाकला आणि निघालो. रपट्यापाशी पोचलो तर रपटा दिसतच नव्हता. गढूळ पाण्याचा नुसता पट्टा, त्यातून बाभळीची फांदी गरगरत गेली. पाण्यापलीकडे काकूच्या घराची कौलं दिसत होती.

आम्ही बाराही जण सेलूकडच्या काठावर उभे होतो. जॅकेटं, दोर, बॅटऱ्या गावात, कुलपात. कुलपाची किल्ली माझ्या खिशात. एकाच्या गाडीच्या चावीला सरावातली शिट्टी अडकवलेली होती. त्याने ती काढून जोरात वाजवली. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं. मला त्याचा इतका राग आला की मी ती हिसकावून पाण्यात फेकली.

मग मी काकूला फोन लावला. दुसऱ्याच घंटीला तिने उचलला.

"हाव बाबू, आमी तयार हाओ. याइले धुतलेलं धोतर नेसवलं. पिसवी भरून ठेवली. आंगनात पानी आलं हाय. तुमी कुठलोक आले?"

मला सांगायचं होतं, काकू, आम्ही येऊ शकत नाही. शेजारच्या शिंप्याला हाक मारा. एवढंच सांगायचं होतं. पण तिच्या आवाजात घाबरलेपणा नव्हता, आणि मला तो आणायचा नव्हता. का खोटं बोलू, मला माझी लाजही वाटली. बाकीचे अकरा जण माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, "येऊन राह्यलो काकू."

फोन ठेवला आणि बायकोला लावला. तो लागेना. आम्ही बाराही जण आळीपाळीने तिला आणि आपापल्या घरी लावत होतो. त्यात अर्धा तास गेला. लागला तेव्हा मी नुसता ओरडलो. ती अंगणवाडीच्या बाईला घेऊन धावली, वाटेत शिंप्याच्या दारावर थापा मारून त्याला बाहेर काढलं. तोपर्यंत काकूच्या घरात मांडीभर पाणी होतं, आणि बाज पाण्याखाली. काकू उभी होती, आणि काकांचं डोकं पाण्यावर राहावं म्हणून तिने ते आपल्या छातीशी धरून ठेवलं होतं. तिघांनी आणि काकूने मिळून बाज ओढली. बायको नंतर म्हणाली, बाज जड नव्हती, पाणी जड होतं.

काका शाळेत पोचले तेव्हा शुद्धीवर होते. दोन दिवसांनी ताप चढला, छाती भरली, मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन आठवडे काढले आणि गेले. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलं.

मला पथकाचा अहवाल द्यायचा होता. छापील कागदावर एक रकाना होता, जीवितहानी. कार्यालयातल्या कारकुनाने सांगितलं, माणूस पुरात मेला नाही, दवाखान्यात मेला, तेव्हा निरंक लिहा. त्याचं काही चुकलं नाही, कागदाप्रमाणे ते बरोबरच होतं. मी निरंक लिहिलं आणि सही केली. घरी आलो. बायकोने विचारलं, जेवता का. मी म्हणालो, हो. बस.

या उन्हाळ्यात पुन्हा पत्र आलं, पथकाची नवी यादी द्या. मला नकार द्यायचा होता. अंगात खरंच काही उरलं नव्हतं. पण सभेत सगळे पुन्हा माझ्याकडे बघायला लागले आणि मी पुन्हा मान हलवली. सवय म्हणा. या वेळी यादीत बाजाराला न जाणारी माणसं घेतली. शिंपी, अंगणवाडीची बाई, माझी बायको, पिठाच्या चक्कीवाला. आणि मदत लागणाऱ्यांच्या यादीसाठी मी काकूकडे गेलो. काका गेल्यापासून तिच्या दारावरून मी मान खाली घालून जात होतो.

काकू दारात गहू पाखडत बसली होती. मला पाहून सूप बाजूला ठेवलं, बसायला पोतं सरकवलं. मी यादीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग सरळ विचारलं,

"त्या दिसी तू मले फोनवर म्हटलं, येऊन राह्यलो. तवा तू कुठं होता?"

हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिलाही माहीत असणारच. तिला ते माझ्या तोंडून हवं होतं.

"रपट्याच्या तिकडं काकू. सेलूच्या बाजूनं."

"मंग तसं काऊन नाई सांगतलं?"

तिचा आवाज चढला नव्हता. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"शिंपी घरीच होता," ती म्हणाली. "एका हाकेवर. पानी चुलीलोक आलं तवा मी हाक माराले तोंड उघडलं होतं. मंग बाजेवरून याइनं मले थांबवलं. म्हने, कायले त्याले तकलीफ देतं, पोट्टे येऊन राह्यले ना."