दोन तलवारींचा फोटो

जर्मनीत झिंडेलफिंगेनला आमच्या घराखाली एक पॅलेस्टिनी शिंपी एकटाच राहायचा. मला ओमा, म्हणजे आजी, म्हणायचा. गिऱ्हाईक नसलं की मशीनशी बोलत बसायचा. भिंतीवर त्याच्या मेलेल्या भावाचा एका दाढीवाल्या पोराबरोबरचा फोटो होता. मागे झेंड्यावर त्यांच्या लढाऊ संघटनेचं चिन्ह, दोन तलवारी. न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यापासून पोलीस अरबांच्या दुकानांतून चौकशी करत फिरायचे.

मी म्हटलं, "अरे, हाकलून देतील तुला. भाऊ ठेव, तलवारी काढ."

"गेनाऊ, ओमा, बरोबर आहे," म्हणत त्याने तिथल्या तिथे कात्री चालवली. फोटोत भाऊ तेवढा उरला.

"त्या पोराला कशाला कापलंस?"

"तो मीच, ओमा. तलवारी माझ्याच डोक्यावर होत्या."