अर्धी पत्ती

मी ज्या माणसाला मारलं, त्याने अकरा वर्षं माझी दाढी केली होती. बुधवारी आणि रविवारी. म्हणजे हजाराहून अधिक वेळा त्याचा वस्तरा माझ्या गळ्यावरून फिरला आणि एकदाही ओरखडा उठला नाही. हा हिशेब मी आधी करायला हवा होता.

वणीत कोळशाच्या एका डेपोच्या वजनकाट्यावर मी काम करतो. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक; दिवसभर तेच. आकड्यांत मी चुकत नाही, म्हणून कशातच चुकत नाही, असा माझा समज झाला होता. सलूनमधला ब्रश शंभर गालांवर फिरतो, म्हणून मी माझा ब्रश आणि साबणाची डबी घरून नेत असे. त्या उन्हाळ्यात नेहमीचा साबण मिळाला नाही. दुसरा घेतला. हिरवा, उग्र वासाचा, लावताच गार झोंबणारा.

आठ दिवसांत गळा पेटला. आधी लाल चट्टे, मग पुरळ, मग त्यातून पाणी. काट्यावर बसून मी नखांनी ओरबाडायचो. रक्त यायचं, आणि घटकाभर बरं वाटायचं. एक ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मांजरीसंग झगडा झाला काय?" मी हातातला स्टेपलर त्याच्यावर फेकून मारला. तो वाकला म्हणून वाचला.

बायको म्हणाली, "अवो, तो नवा साबन तर नाही ना बाधून राह्यला?"

"साबन आपल्या घरचा हाय," मी म्हणालो. घरच्या वस्तूवर संशय कसा घ्यायचा?

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी दुकान भरलेलं होतं. मी खुर्चीत बसलो. त्याने माझ्याच साबणाचा फेस लावला, आणि मग आरशात मला दिसलं, की त्याने खणातून आधीच उघडलेला कागद काढला आणि त्यातली अर्धी पत्ती वस्तऱ्यात बसवली. नवी पत्ती गिऱ्हाइकासमोर कागदातच मोडून लावायची, ही रीत. हा कागद आधीच फोडलेला होता.

"कोनाची हाय ते पत्ती?"

"नवीच हाय, भाऊ. मंघानी एक मोडली, अर्धी त्यायले लावली, अर्धी हे उरली."

"म्हंजे वापरलेली."

"नाही जी. हे तर कागदाबाहीर आलीच नाही."

"मंग हे काय हाय?" मी उठून गळा पुढे केला. "तीन हप्त्यापासून सडून राह्यलो मी!"

"भाऊ, राग नका मानू, पन तुमचा साबन..."

मी त्याच्या कानाखाली मारली. पूर्ण ताकदीने. तो आरशावर आदळला, आरसा तडकला. उघडा वस्तरा त्याच्या हातात होता. पडताना त्याची मूठ पात्यावरच आवळली गेली. रक्त मला दिसलं. दिसल्यावरही मी आणखी दोनदा मारलं. तेवढ्यात बाकावरचे दोघं उठले. "जुनी पत्ती वापरते साला!" त्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. एकाने प्लास्टिकची खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घातली. खुर्चीचा पाय मोडला, तरी घालत राहिला.

त्या गोंधळात त्याने एकच गोष्ट केली. वस्तरा टेबलाखाली सरकवला, कुणाला लागू नये म्हणून. मग डोकं हातांत लपवलं.

तळहाताला नऊ टाके पडले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकेनासं झालं. त्याच्याकडे जुनी पत्ती वापरतात, हे गावात पसरलं. त्याच्या दुकानासमोरून जाताना बाक रिकामा दिसायचा.

आता मी घरीच दाढी करत होतो, तरी माझा गळा काही बरा झाला नाही. दाढी बंद केली तेव्हा मात्र झाला. चामडीच्या डॉक्टरांनी डबी हुंगली आणि सांगितलं, हा साबण रोज दोनदा डाव्या कोपराच्या आत लावा, उजवीकडे दुसरा. मी दुसरा म्हणून त्या सलूनमध्ये असतं तेच दाढीचं क्रीम आणलं. चौथ्या दिवशी डावा हात फुटला. तेच चट्टे, तेच पाणी. उजवा साफ. एवढा चोख पुरावा मी काट्यावरही पाहिलेला नाही.

मंगळवारी दुपारी त्याच्या दुकानात गेलो, कुणी नसेल अशा वेळी. दोन्ही हात दाखवले. "चूक माही होती," म्हणालो.

तो टॉवेल घडी करत राहिला. "मारलं तवा दुकान भरलं होतं, भाऊ. माफी काहून रिकाम्या दुकानात?"

रविवारी दहा वाजता त्याच्या दुकानासमोरच्या चौकात, चहाच्या टपरीवर, मी बाह्या वर करून उभा राहिलो. खुर्ची घालणारा तिथेच होता. म्हणालो, "पत्ती नवी होती. साबन माहा होता. मारलं ते खोट्यावर मारलं."

कुणीतरी म्हणालं, "आता गळा देतं काय त्याले?"

सगळे हसले. मी रस्ता ओलांडला. चहाचे ग्लास घेऊन सात-आठ जण मागून आले आणि दारात उभे राहिले.

तडकलेला आरसा तसाच होता. त्याने नवी पत्ती काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली, कागदातच मोडली. उरलेली अर्धी खणात ठेवली. दोन बोटं सरळच राहत होती, म्हणून वस्तरा त्याच्या हातात थरथरत होता.

"साबन?" त्याने विचारलं.

"तुहा."

"मंग हलू नका," तो म्हणाला आणि माझी हनुवटी वर केली.