मंजुळाबाईनं काढलेला हेल

धाड गावच्या मंजुळाबाईला गोष्टी वाचून दाखवायची भारी हौस! महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. तिची लेक विमल शाळेतून मासिक आणायची, अन् दुपारी मिरच्यांचे देठ खुडायला जमलेल्या बायांना मंजुळाबाई त्यातली चालू गोष्ट ऐकवायची. गोष्टीतली नर्स पोटासाठी आफ्रिकेत गेलेली, अन् दर महिन्याला पानभर रडायची. बाया त्याच मिरचीच्या हातांनी डोळे पुसत, अन् मग काय विचारता, दुप्पट रडत.

"काय रडकं वाचत राह्यते वं?" नवरा नारायणराव वैतागायचा.

"ती रडते तवाच बोलते," मंजुळाबाई म्हणायची. "कोरड्या डोळ्यानं बोलली तं तिले कोन बोलू देईन?"

घरात तरी दुसरं काय चाललं होतं? विमलला अकोल्याच्या दवाखान्यातून नर्सिंग शिकायला बोलावणं आलं, अन् नारायणरावानं साफ मोडता घातला. मंजुळाबाईनं तोंड उघडलं की "चूप!" पोरगी जेवेना. मायचा जीव तीळतीळ तुटत होता.

बाजाराच्या दिवशी मेहकरहून तिची बहीण जनकाबाई आली. बहिणी भेटल्या की गळ्यात पडून, हेल काढून, मनातलं सांगत रडायचं, ही तिकडची रीतच. त्या रडण्यात कोणी मधे बोलत नाही. नारायणराव ओट्यावर पाहुण्यांत बसलेला. मंजुळाबाईनं त्याच्यासमोरच बहिणीला मिठी मारली.

"माहे बाई वंऽ, मले चौथीतून काढलं वंऽ! माही विमल हुशार वंऽ, तिचा बाप तिले जाऊ नाही देत वंऽ!"

जनकाबाई कसली पक्की! तिनंही सूर धरला, "चार जीव वाचवन वंऽ पोरगी!"

नारायणरावानं ओठांवर आलेलं "चूप" गिळलं. शेजारी बसलेला म्हातारा शालिग्राम डोळे पुसत म्हणाला, "माही माय दवाखान्यात पाणी पाणी करत गेली हो. अशी एखादी पोरगी तिथं असती तं!"

"बरं बाप्पा, जाऊ दे तिले!" नारायणराव म्हणाला.

मंजुळाबाईचं रडणं तिथंच थांबलं. तिनं तोंड पुसलं अन् चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

विमलची एस.टी. सुटताना सगळ्या बाया मंजुळाबाईच्या हेलाची वाट पाहत होत्या. ती आपली हसून हात हलवत उभी.

"अवं, तू काऊन नाही रडत?" नारायणरावानंच डोळे पुसत विचारलं.

"मले सांगाचं होतं ते सांगून झालं," ती म्हणाली. "आता तुमाले काही सांगाचं असन तं रडा. मी मधे नाही बोलत."