साहेबापुढे बरा होणारा गुडघा

द्वारकावहिनी नवऱ्याला ‘आमचो शिपाय’ म्हणत. नाव घेणं अर्थातच शक्य नव्हतं. घोडपदेवच्या चाळीत त्यांचं बिऱ्हाड आमच्या शेजारी होतं. गिरणीतल्या माणसांना त्या दोन वेळा जेवू घालत आणि जेवणाऱ्यांकडूनच भांडीही घासून घेत. “जेवताना हात दुखनत नाय, मगे घासताना कित्याक दुखतत?”

शिपाई म्हणजे भिकाजीराव. ब्रह्मदेशाच्या लढाईत गुडघ्यात गोळी लागलेली, घरात भिंत धरून चालत. गिरणीत उभ्याने काम जमेना आणि एकट्या खाणावळीवर भाडं निघेना. जखमी शिपायाचं पेन्शन मिळालं तर मुंबई, नाहीतर चूल मोडून मालवणला दिरांच्या दारात. वहिनींना ते मरणाहून नको होतं.

पहिला अर्ज फेटाळला गेला. माझ्या यजमानांनी इंग्रजी कागद वाचून सांगितलं, ‘माणूस धडधाकट आहे.’ वहिनी नवऱ्याकडे वळल्या.

“खरां सांगा, साहेबापुढे कशे उभे रवलास?”

“कशे म्हणजे? शिपायासारखो! पागोटां, बिल्लो, छाती फुडे.”

“आनि गुडघो?”

“साहेबापुढे गुडघो वाकवतत?”

वहिनींनी कपाळावर हात मारला. “साहेब दिसलो की ह्यांचो गुडघो बरो होता गो!”

अपील केलं. चाळकरी भिकाजीरावांना लंगडायला शिकवू लागले. एकाने तर असं लंगडून दाखवलं की पोरं गडबडा लोळली. वहिनींनी शाळा उधळली. “खोटे लंगडू नकात. घरात चलतास तसे चला, म्हणजे झालां.” तपासणीच्या दिवशी पागोटं आणि बिल्ला पेटीत कोंडून किल्ली त्यांनी कमरेला खोचली. कागद सांभाळायला मला बरोबर घेतलं.

सगळं व्यर्थ. डॉक्टरसाहेब दिसताच भिकाजीरावांनी बोडक्या डोक्याने खाडकन सलाम ठोकला. कपाळावरून घाम निथळत होता, पण गुडघा हलेना. साहेबाने एकवार पाहिलं आणि टाक उचलला. “ठीक है. जाओ.”

तेवढ्यात माझ्या कानाशी गर्जना झाली, “डबल मार्च!”

भिकाजीराव झोपेत कवायत घेत, त्यामुळे वहिनींना सगळे हुकूम पाठ होते. जिने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नाही, ती त्याला पळवत होती. आणि तोही पळाला! दोन पावलांतच भिकाजीराव साहेबाच्या टेबलावर आडवे झाले. दौत साहेबाच्या पाटलोणीवर उपडी.

“हुकूम किसने दिया?”

“मी,” वहिनी पदर खोचत म्हणाल्या. “आता लिवा, काय दिसलां ता.”

साहेबाने पाटलोण पुसली. मग खाली बसून त्याने तो गुडघा पहिल्यांदा हाताने दाबून पाहिला.

पेन्शन मंजूर झालं. चाळ पेढे खात होती, पण भिकाजीराव भिंतीकडे तोंड करून बसलेले. कागदात लिहिलं होतं, ‘सर्व कामास कायमचा अपात्र.’

“बायलेन साहेबापुढे पाडल्यान,” ते मला म्हणाले, “आनि सरकारान लिवन दिल्यान, निकामी.”

वहिनींनी खवणी आणि फोडलेला नारळ त्यांच्यापुढे आदळला. “ता सरकारचां. माझी मानसां आता जेवूक येतली, खोबरां कोन खवतलो?”

भिकाजीराव भिंतीकडून वळले. त्यांनी नारळाची वाटी उचलली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

“ह्यो कुजको आसा. दुसरो दी.”