रागाचा वेग

तोफ हे नाव त्याला तरुणपणी पडलं आणि ते त्याने कमावलेलं होतं. दोन फलंदाजांच्या बरगड्या आणि तिसऱ्याचे पुढचे दात त्याच्या नावावर जमा होते. त्याचा रन-अप सुरू झाला की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मग ऐन उमेदीत कमरेचा मणका चिरला, गोलंदाजी संपली आणि ही तोफ गॅरेजात ट्रकचे टायर बदलायला लागली.

चेंडू सुटला, राग काही सुटला नाही. त्या रागाचं सगळं श्रेय तो बापाला द्यायचा. बाप त्याला कातडी पट्ट्याने फोडून काढायचा. पाठ सुजलेला पोरगा बाहेर येऊन भिंतीवर असा चेंडू आपटायचा की गिलाव्याचे पोपडे पडत. "म्हाताऱ्याने बडवलं म्हणून मी फास्ट झालो," असं तो चारचौघांत छाती काढून सांगे. ऐकणारे हसत, कारण न हसणाऱ्याचं काही खरं नसे.

आता त्याची लेक गोलंदाज होती. बापापेक्षा बोटभर उंच, लांब हातांची आणि बोलायला मोजकी. रविवारी मोठ्या संघाची निवड चाचणी होती आणि तिथे वेगाची एक रेघ आखलेली होती. ती ओलांडली तर संघात, नाहीतर घरी. पोरगी त्या रेघेच्या जरा अलीकडे अडकली होती आणि बापाची झोप उडाली होती.

गॅरेजच्या मागे, पत्र्याच्या कुंपणाआड, सिमेंटची एक पट्टी आणि फाटकं नेट होतं. तिथे तो तिला कमरेला पट्टा बांधून ट्रकचा टायर ओढत पळवायचा. मग दोर सोडून तेवढंच अंतर मोकळं पळायचं, म्हणजे पाय आपसूक उडतात. ऑइलच्या ड्रमवरून खाली उडी, जमिनीला पाय लागले न लागले तोच पुन्हा वर. छर्रे भरलेला जड चेंडू डोक्यावरून भिंतीवर फेकायचा. हे सगळं बरोबरच होतं, कुठल्याही ट्रेनरने हेच करून घेतलं असतं. पण कुठल्याही ट्रेनरच्या हातात ट्रकचा तुटलेला फॅन बेल्ट नसतो. प्रत्येक स्प्रिंटच्या सुरुवातीला तो बेल्ट तिच्या पोटऱ्यांवर बसायचा. पोरगी भर उन्हाळ्यातही पायघोळ पँट घालून घरात वावरायची. आईला ते कळत नव्हतं असं कोणी समजू नये.

शुक्रवारी दुपारी तोफ पेटलाच. नेटमागे स्पीड गन धरून उभा होता गॅरेजचा मिस्त्री, ज्याला सगळे पाना म्हणत. प्रत्येक चेंडूनंतर तो आकडा सांगे आणि प्रत्येक आकडा तोफेच्या तळपायाची आग मस्तकात नेई.

"जेवली नाहीस का? चेंडू टाकतेस की पोस्टात पत्र?"

बेल्ट बसला. पोरीने दातओठ खाल्ले, पळाली, टाकला. आकडा आणखी घसरला. पुन्हा बेल्ट, या वेळी पाठीवर. शर्टाला रक्ताची रेघ उमटली.

तेवढ्यात तिची आई डबा घेऊन कुंपणातून आत आली. रक्त पाहून तिने डबा तिथेच ठेवला आणि सरळ नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अहो, पुरे. लेक आहे ती, जनावर नाही."

तोफेला वाटलं, हेच तर हवं होतं. त्याने बायकोच्या कानाखाली अशी वाजवली की ती ड्रमवर आदळून खाली पडली. भुवई फुटली. पाना पुढे धावला, तर तोफेने त्याला ढकलून मागे लोटलं.

"गन धर तू!" मग बॅट उचलून तो स्वतःच क्रीजवर जाऊन उभा राहिला. डोक्याला हेल्मेट नाही, काही नाही. "बघितलंस ना, आईला मारलं तुझ्या! आता ये! काढ राग! मार मला!"

पोरीने आईकडे पाहिलं. मग चेंडू घेऊन मागे गेली, वळली आणि धावत आली. चेंडू आपटला मध्येच, उसळला, आणि तोफेची बॅट वर यायच्या आत जबड्यावर बसला. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. तो गुडघ्यावर आला, मग तोंडावर. दोन दात सिमेंटवर पडले. तोंडातून रक्ताची धार लागली आणि हनुवटी एका बाजूला लोंबायला लागली.

तशातही त्याने मान वर केली. शब्द फुटत नव्हते, पण काय विचारतोय ते पानाला कळलं. किती?

पानाने गनकडे पाहिलं. "कमी," तो म्हणाला. "आजचा सगळ्यात कमी."

तोफेने डोळे वटारले.

"खोटं कशाला बोलू? सकाळी तू पंक्चर काढायला रस्त्यावर गेला होतास, तेव्हा आम्ही मस्करी करत होतो. हिने हसता हसता सहज एक टाकला. रेघेच्या पार गेला होता. तुला सांगितलं असतं तर मलाच झोडपलं असतंस."

"रागाने हात आखडतो, बाबा," पोरगी म्हणाली. "किती वेळा सांगितलं तुम्हाला." मग तिने आईला उठवलं, तिच्याच ओढणीने तिची भुवई दाबली आणि दोघी कुंपणाबाहेर गेल्या. तोफेला दवाखान्यात पानाने नेलं.

जबडा तारांनी बांधून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा तोफेला कोणावर ओरडता येईना. रविवारी संध्याकाळी पाना आला, स्टूल ओढून बसला.

"झाली निवड. रेघ केव्हाच मागे टाकली पोरीने. सैल पळत होती रे, पाय जमिनीला लागतात की नाही कळेना. दोघी मावशीकडे गेल्यात. मला म्हणाल्या, येणार नाही म्हणून सांग."

पाना गेला. तोफ छताकडे बघत पडून राहिला, डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. माराने वेग येतो, या एका समजुतीवर त्याने आपल्या बापाला माफ केलं होतं. आज ती समजूत गेली. बाप केव्हाच मेला होता, आणि लेकीजवळ याला माफ करायला तेवढीही सबब उरली नव्हती.