नरसम्मा अक्काची चादर

सोलापूरचा मे महिना, पत्र्याची खोली, पंखा बंद, आनि नरसम्मा अक्का जाड सोलापुरी चादर गळ्यापर्यंत गुंडाळून फोनसमोर बसलेली. पयल्यांदा बगितलं तवा मला वाटलं म्हातारीला ताप भरलाय. मी कपाळाला हात लावाय गेले तर तिनं मान झटकली. “ए पिल्ला, सरक. नात तिकडं बर्फावर उबी हाय. मी हितं पंख्याखाली बसू व्हय?”

अक्का आमची शेजारीन. तेलुगू मानसं, पिल्ला मंजे त्यांच्यात पोरगी. मालक यंत्रमागावर हुता, तो गेल्यावर अक्कानं बिड्या वळून घर चालवलं. मांडीवर सूप, सुपात पानं, बोटाला दोरा, हात कवाच रिकामे न्हाईत. नात स्रवंती, तिची आई लवकर गेली म्हनून अक्कानंच वाढवली. पोरगी चाकाचे बूट घालून शाळेच्या मैदानावर फिरायची, मग कोन एक सर आले, बर्फावरची हॉकी म्हनले, ती लडाखला शिबिराला गेली, आनि एक दिवस भारताच्या टीममदी गोलकीपर. आमच्या गल्लीत बर्फ मंजे गोळेवाल्याकडं बगायचा, न्हायतर कुनी वारलं तर लादी आनायची. त्याच्यावर उबं ऱ्हाऊन कुनी देशासाटी खेळतंय हे माज्या डोक्यात बसंना.

“लहानपनी लई पडायची,” अक्का सांगायची. “मी कदी उचलली न्हाय. जमीन चावती व्हय?”

हे मलाच टोचून असायचं. माजी परी दीड वर्साची झाली तरी चालत न्हवती. चालंल कशी, मी खाली सोडलीच न्हाय. मी वैरागची, नववीत शाळा सुटली, लग्न करून हितं आले, आनि लेकरू झाल्यापास्नं मला सगळ्याचीच भीती वाटाय लागली, पंख्याची, नळाची, उंबऱ्याची, मुंगीची. परीला कडेवर घेऊन एका हातानं भाकरी थापायची मी, ती भाकरी नकाशागत यायची. डॉक्टर म्हनले, लेकरू ठनठनीत हाय, तुमी खाली सोडा. मी व्हय म्हनले आनि कडेवर घेऊनच घरी आले. सासू गावाकडनं फोनवर म्हनायची, “पोरीच्या पायात दोष असंल, दाखवा कुनाला तरी.” मला घाम फुटायचा, कारन दोष कुनात हाय ते मला म्हाईत हुतं.

त्या दिवशी मॅच दुपारची हुती. बाहेरदेशात, सात-आट देशांच्या टीमा आलेल्या. समोरच्या देशाचं नाव मला अजून नीट म्हनता येत न्हाय. अक्काचा ल्योक, स्रवंतीचा बाप, कामावर, म्हनून फोन लावून द्यायला मी, आमच्या दोघीत शिकलेली मीच. फोन सुपाला टेकवला. नेट असं की कपड्याचा रंगबी कळंना. दोनी गोलकीपर सारक्याच, अंगाला गाद्या बांदल्यागत, तोंडाला जाळी. वर इंग्रजीत बारीक काय तरी लिवलेलं, ते मी वाचल्यागत केलं.

“आपली कुटली गं?” अक्कानं इचारलं.

“डावीकडची. उबं ऱ्हायची पद्धत बगा की,” मी म्हनले. कसली पद्धत, मला काय कळतंय.

अक्काचे हात चादरीत, म्हनून तिच्या सांगन्यावरनं मीठमिरची मीच उतरली, फोनच्या डाव्या अंगाला, तीन डाव. आनि गुन आला की लगीच. काळी चकती सूं करत उजवीकडच्या जाळ्यात. मी टाळ्या पिटल्या. परत एक गेली. टाळ्या वाजवायला दोन हात लागत्यात, मी परीला कवा खाली ठेवलं माजं मलाच कळलं न्हाय. पाच गोल झाले. अक्का चादरीतनं मान हलवत हुती, आनि मी गल्लीला ऐकू जाईल अशी वराडत हुते.

मग सुट्टी झाली. टँकरागत एक गाडी आली आनि बर्फ सारवून गेली. खेळ परत सुरू व्हायच्या आदी डावीकडच्या गोलकीपरनं जाळी वर करून पानी पिलं. स्रवंती.

“बगा, म्हनलं न्हवतं?” मी म्हनले.

अक्कानं फोनवर मान वाकवली. मग हळूच बोलली, “पिल्ला, सुट्टी झाली की टीमा बाजू बदलत्यात. स्रवंतीनं सांगितलं हुतं. आता ही डावीकडं हाय, मंजे मगाशी कुटं हुती?”

पाची गोल आमच्याच पोरीवर गेले हुते, आनि मी टाळ्या वाजवल्या हुत्या. मला वाटलं आता जमीन फाटावी. अक्कानं इचारलं, “मीठमिरची कुटल्या बाजूला उतरलीस?”

“डाव्या.”

“मग बरं झालं की. आता ती तितंच आली. जागा झाडून ठिवलीस तू.”

खेळ सुरू झाला. समोरच्या चौघी चालून आल्या आनि स्रवंती धाडकन खाली. मी डोळे झाकले. “पडली ओ अक्का.”

“पडायचंच काम हाय तिचं. ती पडती म्हनून चकती अडती. डोळे उगड.”

डोळे उगडले तर परी माज्यापाशी न्हाय. ती अक्काच्या चादरीचं टोक धरून उबी ऱ्हायलेली. फोनकडं बगून हासली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आनि चादर ओढत बुडावर आपटली. मी झेप घ्याय उटले तर अक्कानं माज्या पदरावर पाय दिला. “बस. जमीन चावत न्हाय.”

पन चादर सुटली हुती. मॅच लागल्यापास्नं अक्काचे हात पयल्यांदा दिसले. बिडीचा दोरा बोटांना असा करकचून गुंडाळलेला की बोटं निळी पडलेली, आनि दोनी हात थरथर कापत हुते. मी बगितलं. मी बगितलं हे तिनंबी बगितलं.

“थंडी वाजती,” ती म्हनली.

तवर परी रडायचं इसरून आपली आपन उटली, आनि चादर फरफटत अक्काकडं चालत आली.

मॅच हारलोच. संध्याकाळी स्रवंतीचा फोन आला, तवा अक्कानं तिला पयलं हेच सांगितलं, “ही वैरागवाली तुज्या एकेका गोलला टाळ्या वाजवत हुती.” तिकडनं पोरगी हासत सुटली, लई वेळ हासली. मग म्हनली, “नानम्मा,” आजीला ती असंच म्हनायची, “तू घाबरलीस का?”

“मी? आमाला काय धाड भरली?”

गेल्या थंडीत अक्का गेली, छातीनं. स्रवंती लडाखला हुती, ती येस्तवर अक्काला बर्फाच्या लादीवर ठेवलं. पोरगी आली, बूट काडले, लादीला हात लावला आनि आत जाऊन चादर आनून आजीच्या अंगावर घातली. नंतर ती चादर तिनं धुतली आनि जाताना माज्याकडं दिली.

आता परी पाच वर्साची झाली, तिनं चाकाचे बूट मागितले. मीबी येडी, दिले. रोज सकाळी ती मैदानावर पडती, उटती, परत पडती, आनि मी कट्ट्यावर चादर पांगरून बसलेली असते, हात आत. परवा एक बाई म्हनली, “ताई, एवड्या उनाचं चादर?”

“थंडी वाजती,” मी म्हनले.